अंगाला लावणे

डॉक्टर, तुम्ही मला एक मलम दिलंत आणि माझा नवरा गिरणीत झोपायला गेला. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं तुम्ही भुवई वर करून विचाराल. संबंध आहे. आणि दोष तुमचा आहे.

सोमवार होता, बाजाराचा. तुमच्या दवाखान्यात बाकावर बूड टेकायला जागा नव्हती. मी आणि मालक दोन तास भिंतीला टेकून उभे होतो. मालक म्हणजे माझा नवरा, आनंदा लाड, स्टँडमागच्या पिठाच्या गिरणीचा. माझं नाव सगुणा. ते तुम्ही विचारलं नव्हतंत, कंपाउंडरनं विचारलं होतं.

"बोला मावशी."

मी एकावन्नची होते, तुम्ही पंचावन्नच्या खाली नसाल. मावशी तर मावशी.

"अंग कोरडं पडलंय," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"पाळी जाऊन दीड वरीस झालं. तवापासनं."

"आणखी?"

"अंगाची आग हुती. दुखतंय बी."

तुम्ही लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत होता. "अंगदुखी. कोरडेपणा. घाम येतो? अंगातून वाफा निघाल्यासारखं?"

"त्ये बी हाय."

"चिडचिड?"

मी मालकांकडं बघितलं. ते टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत होते.

"असणारच," तुम्ही त्यांच्याकडं बघून हसलात. "पाळी जाताना सगळ्यांच्या घरात हे चालतं. माझ्या पण चाललंय. सांभाळून घ्या हो दोन वर्षं."

मालक हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली, ती आम्ही उठेपर्यंत वर केली नाही. मला वाटलं, मोठ्या डॉक्टरपुढं बुजले.

तुम्ही एक इंजेक्शन दिलंत, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात आणि एक मलम लिहून दिलंत. बाहेर कंपाउंडरनं मलमाच्या खोक्यावर बॉलपेननं लिहिलं : अंगाला लावणे. सकाळ-संध्याकाळ.

मी चौथी शिकले आहे, पण मिळेल तो कागद वाचते. हेही नीट वाचलं. अंगाला लावणे. मनात म्हटलं, बघ, किती सोपं होतं. डॉक्टर शिकलेला माणूस, एका शब्दात ओळखलं.

आता तुम्हाला शिकवते, डॉक्टर. आमच्यात बाई म्हणते, "माझं अंग बाहेर आलंय," तेव्हा ती पायापासून डोक्यापर्यंत घराबाहेर आलेली नसते. तिची पिशवी खाली उतरलेली असते. बाळंतिणीला सुईण विचारते, "अंग दुखतंय का गं?" तेव्हा ती हातापायाचं विचारत नाही. योनी, गर्भाशय ही नावं मी लई उशिरा छापलेली वाचली. माझ्या आईनं मला एकच शब्द दिला, सासूनं तोच, ओढ्यावर धुणं धुताना तोच. दुसरा एक होता, पण तो गडी माणसं भांडताना एकमेकांच्या आईला लावतात. तो घेऊन मी तुमच्यापुढं बसायचं होतं काय?

तुम्ही मला भेगा पडलेल्या कातड्याचं मलम दिलं होतंत. टाचांना लावायचं. मेलेलं कातडं सोलून काढणारं.

*

आमचं घर आणि गिरणी यांच्यात एक विटांची भिंत आहे. त्या गिरणीत मी तीस वर्षं उभी राहिले. पट्टा फिरायला लागला की कानाशी तोंड नेऊनही ऐकू येत नाही. म्हणून गिरणीतली माणसं ओठ वाचतात. मालक तर दहा हातांवरून वाचतात. कुणाला बाजरी जाड हवी, कुणाला ज्वारी बारीक, बाई नुसतं तोंड हलवते आणि मालक मान डोलावतात. आणि बायकांना एकमेकींशी काही आतलं बोलायचं असलं, की त्या मुद्दाम पट्ट्याच्या जवळ जाऊन उभ्या राहतात. नवऱ्यानं मारलेलं, पोट पाडलेलं, दिराची नजर, सगळं त्या आवाजात बोललं जातं. पट्टा थांबला की बायका गप्प.

त्या साली दुपारी बारा ते चार लाईट नसायची. गाव बोर्डाला शिव्या घालायचं. गिरणीच्या पत्र्याखाली डब्यांची लाईन लागायची आणि बायका तिथंच लवंडायच्या. मीही सगळ्यांबरोबर शिव्या घालायचे. पण खरं सांगते, मला ती वेळ आवडायची. दोन्ही पोरी नांदायला गेलेल्या. सासूबाई वारलेल्या. गिरणी बंद झाली की मालक विहिरीवर अंग धुऊन यायचे, मागचं दार लोटायचे.

सकाळी कधी पट्ट्याजवळून जाताना ते ओठ हलवायचे : "आज लाईट जाणार ना?"

रोजच जायची. तरी विचारायचे. मी पदर तोंडाला लावायचे, हसू दिसू नये म्हणून.

एकावन्न वर्षांची बाई. दोन नातवंडांची आजी. लिहिताना मला लाज वाटत नाही. वाचताना तुम्हाला वाटली तर ती तुमची.

पाळी गेल्यावर ते दुखायला लागलं. आधी थोडं, मग वाळूनं घासल्यासारखं. मी दात आवळून पडायचे. मालकांना कळायचं. ते थांबायचे. "काय हुतंय?" विचारायचे. मी म्हणायचे, "काय न्हाई." पण काही आठवड्यांनी त्यांनीच म्हटलं, "डॉक्टरला दावू चल. मी येतो संगं." आमच्या गल्लीत त्या कामासाठी बायकोबरोबर दवाखान्यात आलेला तो पहिला गडी असेल.

म्हणून आम्ही दोघं आलो होतो, डॉक्टर. अंगदुखीसाठी दोन माणसं गिरणी बंद ठेवून येत नाहीत.

*

त्याच दिवशी संध्याकाळी मी न्हाणीत जाऊन मलम लावलं. खोक्यावर लिहिलं होतं तसंच, अंगाला.

पहिल्यांदा गार वाटलं. मग तिथं कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. मी तांब्यावर तांबे ओतले. बादलीत बसले. पदर तोंडात कोंबला.

"सगुणा?" मालक दाराबाहेर. "काय झालं गं?"

"काय न्हाई. पाय घसरला."

"उघड."

"म्हटलं ना काय न्हाई!"

वाटलं, औषध आहे, झोंबणारच. जखमेला आयोडिन झोंबतं तसं. सकाळी पुन्हा लावलं. संध्याकाळी पुन्हा. बुधवारी मला मांड्या जवळ घेऊन उभं राहता येईना. गुरुवारी दुपारी लाईट गेली.

मालक अंग धुऊन आले. दार लोटलं. माझ्याजवळ बसले आणि खांद्यावर नुसता हात ठेवला. बाकी काही नाही, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त पुढचं दुखणं दिसलं.

"हात लावू नका!"

मी किंचाळले, डॉक्टर. आणि पट्टा बंद होता.

भिंतीपलीकडं सात-आठ बायका डब्यांपाशी बसल्या होत्या. त्यांची कुजबुज थांबली ती मला ऐकू आली. मालकांनी हात काढला. सदरा चढवला, एक बटण चुकीच्या काजात गेलं, तसेच पुढच्या दारानं बाहेर पडले. सुंदरा गुरव लाईनीत पहिली होती. तिची जीभ गावाला माहीत आहे.

"काय मालक, आज लाईट लौकर आली व्हय?"

सगळ्या हसल्या. वाईट बायका नाहीत त्या. त्यांच्या जागी मीही हसले असते.

त्या संध्याकाळी मालकांनी वाकळ आणि उशी उचलली. "चोऱ्या वाढल्यात. मोटार काढून नेतील. गिरणीत पडत जाईन." मोटार काढायला चार माणसं लागतात आणि आमच्या गल्लीत तोवर कोंबडीसुद्धा चोरीला गेली नव्हती. मी म्हणाले, "बरं."

*

पुढच्या सोमवारी मी एकटी आले तुमच्याकडं. हे तुम्हाला आठवत असेल. आठवावं, म्हणून सगळं मांडते.

"काय मावशी, बरं आहे ना?"

"मलमानं लय आग हुती."

"थोडी होते. कोरडं कातडं निघतं तेव्हा होते. लावत राहा, आठ दिवसांत नरम पडेल."

तुम्ही पुढचा कागद ओढलात. मी उठले नाही. टेबलाची कड धरली आणि मघापासून तोंडात घोळवत होते ते बोलले.

"साहेब, तिथं जळतंय. मालकास्नी जवळ येऊ देता येत न्हाई."

तुमचं पेन थांबलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. मग टेबलावर टोपण शोधलंत, ते पेनाला लावलंत, टक् आवाज आला. आणि तुम्ही म्हणालात :

"मावशी, नातवंडं आली ना आता? भजनाबिजनाला जात जा. या वयात मन तिकडं लावावं."

मी खुर्चीवरून उठले. तुमच्या टेबलापासून दारापर्यंत अकरा पावलं आहेत. मांड्या घासू नयेत म्हणून मी पाय फाकून चालत होते आणि तुम्ही मागून बघत होता. ती पावलं मी पुन्हा पुन्हा चाललेली आहे, झोपेतसुद्धा.

घरी येऊन आणखी आठ दिवस मलम लावलं. तुम्ही सांगितलं होतं ना, लावत राहा. साल निघाली. रक्त आलं. मग मी टूब उकिरड्यात फेकली आणि कुणाला काही बोलले नाही. मला वाटलं, हा निकाल आहे. पाळी गेली की बाईचं ते दारही गेलं, आणि ते उघडू बघितलं म्हणून मला ही शिक्षा झाली.

भजनाला गेले. टाळ चांगला वाजवता येतो मला.

चार वर्षं. भाकरी थापायची, ताट झाकून गिरणीत न्यायचं, डब्यावर ठेवायचं. पट्टा चालू असायचा. मालक मान डोलावायचे. मी परत यायचे. ते माझ्या ओठांकडं बघायचे नाहीत. ओठांकडं न बघणारा माणूस गिरणीत बहिरा असतो. कधी भिंतीपलीकडून त्यांचा खोकला यायचा, मी इकडं हातातलं काम थांबवायचे. एका विटेची भिंत. मी तिला कान लावून बसलेली आहे, चोरासारखी, माझ्याच घरात.

*

पाचव्या साली लघवीची जळजळ एवढी वाढली की भजनात बसवेना. तुमच्याकडं येणार नव्हते. सरकारी दवाखान्यात नवीन बाई आली होती, डॉक्टर अफरीन मुजावर. तिशीची असेल. टेबलावर डबा उघडा, पोळीचा तुकडा तोंडात, मला बघून डबा झाकला.

"बसा काकू. काय होतंय?"

"लघवीला आग. आन् अंग दुखतंय," मी म्हणाले. सवयीनं.

तिनं घास गिळला.

"कुठलं अंग, काकू?"

मी मान वर केली.

"हे अंग," तिनं आपला दंड दाबून दाखवला, "का खालचं?"

मला रडू फुटलं. असं, की बाहेरची नर्स आत डोकावली. मुजावर बाईनं तिला हातानं जा म्हणून सांगितलं, उठून दार लावलं आणि पंख्याचं बटण पाचावर केलं. पंखा खडखडायला लागला. "आता बोला. बाहेर नाही ऐकू जात." त्या पोरीला गिरणी माहीत नव्हती, पण तिला कळलं होतं.

मी सगळं सांगितलं. मलमाचं, खोक्यावरच्या नावासकट, सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटले. "ते टाचांच्या भेगांचं असतं, काकू."

तिनं तपासलं. आधी विचारलं, "बघू का?" मग बघितलं. पाळी गेल्यावर रक्त गेलं होतं का, छातीत गाठ होती का, घरात कुणाला कॅन्सर, सगळं विचारून घेतलं. मग कागदावर चित्र काढून दाखवलं. "पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, काकू. ते हार्मोन हे कातडं मऊ ठेवतं, ओलं ठेवतं. ते कमी झालं की हे पातळ पडतं, फाटतं. यात तुमचं पाप नाही काही. त्याच हार्मोनचं मलम मिळतं, थोडं थोडं आत लावायचं. पहिले काही दिवस रोज, मग आठवड्यातून दोनदा. लगेच गुण येणार नाही, महिना-दोन महिने धरा. मध्ये रक्त दिसलं तर तडक यायचं."

"या वयात?"

"या वयातच."

मग ती म्हणाली, "एक विचारू? काका जवळ येतात का?"

"चार वरसं न्हाई."

"तुम्हाला नको वाटतं म्हणून, का दुखतं म्हणून?"

डॉक्टर, मला आईनं विचारलं नव्हतं, सासूनं नाही, पोरींनी नाही, मालकांनीसुद्धा या शब्दांत नाही. मला हवंय का, हे जगात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं.

"मला पायजेल," मी म्हणाले.

"मग ठरलं," ती म्हणाली आणि लिहायला लागली.

*

अडीच महिन्यांनी मी चालले तर पाय जमिनीवर सरळ पडायला लागले. एका सकाळी अंघोळ केली, जांभळं लुगडं नेसले आणि गिरणीत गेले. पट्टा फिरत होता. दोन डबे होते, बायका ठेवून गेलेल्या. मी मालकांच्या समोर उभी राहिले, त्यांनी मान वर करेपर्यंत हलले नाही. मग ओठ हलवले.

"घरात या झोपायला. मी बरी झाले."

त्यांनी वाचलं. मग माझ्या हातातलं नवीन मलमाचं खोकं बघितलं. मी ते पुढं धरलं आणि सगळं सांगितलं, आवाज न करता. ते मलम टाचांचं होतं. डॉक्टरला वाटलं सगळं अंग. त्याला कळलंच नाही मी कुठलं म्हणते ते.

मालकांनी पट्टा बंद केला. एवढी शांतता झाली की कानात शिट्टी वाजली.

"मला कळलं हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"त्याच दिवशी. तू अंग म्हणालीस, त्यो अंगदुखी म्हणाला. मला तिथंच कळलं, ह्याला उमगलं न्हाई."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? परक्या गड्याला सांगू, माझ्या बायकूचं अंग म्हंजी..." त्यांना पुढचा शब्द आला नाही. त्यांच्याकडंही तो फक्त शिवीतलाच होता. "म्हटलं, डॉक्टर हाय. त्येला ठावं असंल. आपण काय शाणपणा करायचा. आन् मग तू वरडलीस, हात लावू नका म्हणून. बायकांनी ऐकलं. मला वाटलं, मी जनावरावानी वागलो आसंन. तुलाच नको झालोय. तर मी कशाला पुन्हा इचारायचं?"

"मला पायजेल हुतं," मी म्हणाले. पहिल्यांदाच मोठ्यानं, पट्टा बंद असताना.

ते खाली बघत सांडलेल्या पिठातून बोट फिरवत राहिले. "आता सवय झाली गं," ते म्हणाले.

संध्याकाळी वाकळ घेऊन घरात आले. सोप्यात बाज टाकली, तिच्यावर झोपले. आजही तिथंच झोपतात. मी आतल्या खोलीत. मधे भिंतसुद्धा नाही, नुसती चौकट आहे, दार नाही तिला. एकदा मी त्यांच्या बाजेच्या कडेला जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, थोपटला, जसा आजारी माणसाचा थोपटतात, आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. चांगला माणूस आहे. माझ्या अंगाला काही झालेलं नाही आता. उपयोग नाही त्याचा कुणाला.

आणि दुपारी आता लाईट जात नाही. गिरणी दिवसभर चालते. गाव खूश आहे.

*

येत्या रविवारी हायस्कूलच्या पटांगणात तुमचा सत्कार आहे. पत्रिका गिरणीत पण आली, पिठाच्या हातानं उघडली मी. "पंचक्रोशीच्या नाडीवर चाळीस वर्षं हात," असं छापलंय. पहिल्या रांगेत बसेन. माईक मला कुणी देणार नाही, पण गिरणीवालीला माईक लागत नाही.

पहिल्या खेपेला तुम्हाला शब्द कळला नाही. ते मी सोडून देते. माझा माणूसही तेव्हा गप्प बसला होता, त्याच्याशी माझं मी बघून घेईन. पण दुसऱ्या खेपेला तुम्ही पेनाला टोपण लावलंत, तेव्हा तुम्हाला कळलं होतं. कुठलं अंग तेही, आणि त्याला मी काय लावत होते तेही. मी पाठमोरी होते. अकरा पावलं होती. "मावशी, ते मलम लावू नका," एवढंच म्हणायचं होतं.

हाक का नाही मारलीत, डॉक्टर?